ग्रीनलँडमधल्या कांगरलुसुआकची पॉइंट ६६० बर्फ टूर : पैसे वसूल, फक्त वेबसाइटवरचं निळं तळं विसरा

ज्यांना फक्त जावं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, जा, ५ पैकी ४ स्टार, एक स्टार मी मुद्दाम कापलाय आणि का कापलाय ते खाली येईल. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा कारण मी बोअरवाल्याच्या घरातला आहे आणि पाण्याचा विषय निघाला की आमच्या घरात कोणी थोडक्यात बोलत नाही.

तर ताई आणि दाजी कोपनहेगनला असतात, दोन वर्षं मागे लागले होते की या म्हणून, शेवटी २०२४ च्या जुलैमध्ये मी आणि बायको गेलो आणि दाजींनी परस्पर ग्रीनलँडचं तिकीट काढून ठेवलेलं. व्हिसाचं आधी सांगतो, साधा शेंगेन तिथे चालत नाही, व्हिसावर ग्रीनलँडसाठी वैध असा शेरा लागतो, अर्ज करतानाच मागून घ्या, आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला एअरपोर्टवरून परत यावं लागलं. कांगरलुसुआक म्हणजे जेमतेम पाचशे वस्तीचं गाव, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लोकांनी १९४१ ला विमानतळ बांधला आणि गाव त्याच्याभोवती जमलं. बघण्यासारखं गावात काही नाही. कॅन्टीनमध्ये मस्क ऑक्सचा, म्हणजे तिथल्या लांब केसांच्या बैलासारख्या रानटी जनावराचा, बर्गर मिळतो, दाजींनी दोन खाल्ले, बायको शाकाहारी, तिचं तीन दिवस फ्राईज आणि ताईच्या डब्यातल्या मेथीच्या पराठ्यांवर भागलं.

निघताना संगमनेरला फोन केला होता. आबांनी चाळीस वर्षं बोअरची गाडी चालवली, अर्ध्या तालुक्याच्या बोअरा त्यांच्या हातच्या, त्यांना ग्रीनलँड वगैरे काही नाही, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथं बर्फात बोअर मारली तर पाणी लागंल का रं?" मी हसलो, म्हटलं आबा सगळं गोठलेलं असतं, कुठलं पाणी. हे लक्षात ठेवा.

टूर साधारण पाच तासांची, माणशी हजार डॅनिश क्रोनच्या आसपास पडली, मोठ्या चाकांचा ट्रकवजा बस, खिडक्या उघडत नाहीत, धूळ मात्र आत येते. रस्ता पस्तीसेक किलोमीटरचा आणि ग्रीनलँडमधला सगळ्यात लांब रस्ता म्हणे हाच, फोक्सवॅगनने गाड्यांच्या चाचण्यांसाठी बर्फापर्यंत काढला होता, पुढे तो प्रकल्प गुंडाळला आणि रस्ता टूरवाल्यांना आयता मिळाला. वाटेत १९६८ ला पडलेल्या अमेरिकन जेटचे तुकडे अजून तसेच पडलेत, तिथे फोटो स्टॉप, मग रसेल ग्लेशियरची भिंत लांबून. एक गोष्ट मात्र मला फार गमतीची वाटली, या भागात वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून दीडशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कोरडं, माळरान, वाऱ्याने उडणारी वाळू, आणि त्या माळाच्या टोकाला जगातला दोन नंबरचा बर्फाचा साठा. अख्खा वितळला तर जगभरचा समुद्र सात मीटरच्या वर चढेल एवढा. दुष्काळी तालुक्याच्या शिवेला लागून धरण असावं तसा प्रकार, आणि हे आपल्याला नवीन नाही.

पॉइंट ६६० म्हणजे समुद्रसपाटीपासून ६६० मीटरवरची जागा, बस थांबते, मुरमाड टेकाड उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की पाय बर्फावर. पहिली प्रतिक्रिया निराशेची असते हे मोकळेपणाने सांगतो. पांढराशुभ्र वगैरे काही नाही, कडेचा बर्फ मळकट, राखाडी, एसटी स्टँडवरच्या बर्फाच्या लादीला भुसा लागलेला असतो तसा. बायको म्हणाली, यासाठी एवढा खर्च? पण आमची गाईड भारी निघाली. तिशीच्या आतली डॅनिश पोरगी, हिमनद्यांवर मास्टर्स केलेलं, उन्हाळ्यात टूर करते, आणि तिला कळलं की एक जण बोअरवाला आहे तर तिने बाकीच्यांना फोटो काढायला सोडलं आणि मला धरून बसली.

तिने आधी बुटाची टाच आपटायला सांगितली. कर्रकन आवाज येऊन टाच आत गेली. वरचा थर असा भुसभुशीत का, तर ऊन बर्फाच्या नुसतं वर पडत नाही, आत शिरतं आणि दाण्यादाण्यांच्या सांध्यात वितळवत जातं, त्यामुळे वरचा हातभर, कधी जास्त, बर्फ जाळीदार होतो. मी म्हटलं हा मुरूम झाला की. आमच्याकडे काळा पाषाण वरून कुजत कुजत मुरूम होतो आणि विहिरीचं पहिलं पाणी त्याच मुरमात असतं, खाली पाषाण लागला की पाणी थांबतं. तिला मुरूम शब्द समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली आणि मग ती म्हणाली, बघ मग, आणि हातातल्या स्क्रूने वीतभर भोक पाडलं. एक मिनिटभर काही नाही. मग तळाशी पाणी चमकलं आणि हळूहळू वर येऊन एका पातळीला स्थिर झालं. नदीच्या वाळूत झिरा खणल्यावर येतं ना, अगदी तसं! म्हणजे मी ज्याच्यावर उभा होतो तो बर्फ नुसता बर्फ नव्हता, त्याच्या आत पाण्याची पातळी होती, भूजलासारखी. शेजारी बोटाएवढी गोल काळी भोकं होती, आत पाणी आणि तळाला काळा गाळ, त्याला क्रायोकोनाइट म्हणतात, नॉर्डेनशोल्ड नावाच्या संशोधकाने १८७० च्या मोहिमेत हे नाव दिलं, काळी धूळ ऊन खाते, तापते आणि स्वतःचं भोक स्वतः वितळवत खाली बसते. 

या मुरमाचा हिशोब शास्त्रज्ञांनाही चुकवून गेला होता बरं का. याच भागात बर्फाच्या वर वाहणारी एक नदी आहे, रिओ बेहार, तिथे लॅरी स्मिथ यांच्या टीमने २०१५ च्या जुलैमध्ये तीन दिवस-रात्र नदीचं पाणी मोजलं, आणि हवामानाची मॉडेलं जेवढं पाणी वाहायला हवं म्हणत होती त्यापेक्षा नदीत कमी निघालं. कुठेतरी पाणी मुरत होतं, शब्दशः. ते या जाळीदार थरात अडकून राहतं आणि त्यातलं काही रात्री परत गोठतं असा अंदाज निघाला. (ही नदी ज्यांच्या नावावर आहे ते आल्बर्टो बेहार नासाचे इंजिनियर, त्यांनी २००८ मध्ये पिवळी रबरी बदकं, मोजून ९०, बर्फातल्या एका खोल भोकात सोडली होती, समुद्राच्या बाजूला बाहेर पडतील तेव्हा कळेल पाणी कुठून जातं म्हणून, सापडवून देणाऱ्याला बक्षीस असं त्यांच्यावर तीन भाषांत लिहिलेलं. एकही बदक सापडलं नाही.)

बदकं सोडली तसल्या खोल भोकाला मुलँ म्हणतात, फ्रेंचमध्ये मुलँ म्हणजे गिरणी, आत पडणाऱ्या पाण्याचा आवाज तसा घरघरता असतो म्हणून. आम्ही उभे होतो तिथे दोन-चार ओहोळ होते, पाणी इतकं स्वच्छ निळसर की खोली कळत नाही, तळाला गाळ नाही की शेवाळ नाही, नुसती बर्फाची घसरगुंडी. मला वाटत होतं हे असेच वाहत कडेला येऊन खाली पडत असतील. तर नाही. २०१२ च्या जुलैमध्ये सॅटेलाइटवरून या दक्षिण-पश्चिम भागातल्या ५२३ नद्यांची जाळी नकाशावर घेतली होती, त्या सगळ्याच्या सगळ्या मुलँमध्ये जाऊन संपत होत्या, कडेपर्यंत एकही पोचत नव्हती. म्हणजे वरचं पाणी सगळं शेकडो मीटर खाली बर्फाच्या बुडाशी, खडकावर जातं आणि तिथून बोगद्यांतून बाहेर येतं, येताना खडकाचं पीठ सोबत आणतं, म्हणून गावातली नदी दुधात राख कालवल्यासारखी दिसते आणि वरचा ओहोळ काचेसारखा. एकच पाणी दोन्हीकडे!

पण एवढ्या जाड बर्फाला भोक पडतंच कसं हा माझा प्रश्न होता, कारण आम्ही पाषाणाला भोक पाडायला कॉम्प्रेसर लावतो आणि तरी बिट झिजतात. उत्तर ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो. पाणी बर्फापेक्षा जड असतं, एवढंच. ग्लासात बर्फ तरंगतो ते सगळ्यांना माहीत असतं पण त्याचा दुसरा अर्थ कुणी बघत नाही, की भेगेत पाणी भरलं आणि भरतच राहिलं तर भेग मिटवायला बघणाऱ्या बर्फाच्या दाबापेक्षा पाण्याचा दाब जास्त होतो, आणि पाणीच पाचरीसारखं भेग फाडत थेट तळापर्यंत जातं. फक्त मागून पुरवठा तुटता कामा नये. आणि पुरवठ्याला वर तळी असतात. २९ जुलै २००६ ला, इथून उत्तरेकडे, असं एक साडेपाच चौरस किलोमीटरचं तळं शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून ठेवलेली असतानाच रिकामं झालं, जवळजवळ एक किलोमीटर जाडीच्या बर्फातून, दीड तासाच्या आत. पाणी होतं साधारण साडेचार कोटी घनमीटर, म्हणजे दीड टीएमसी, म्हणजे पुणेकरांनो तुमच्या खडकवासल्याचा पाऊण भाग दीड तासात मोरीतून गेल्यासारखा गेला. तेवढ्या पाण्याने वरचा बर्फ सव्वा मीटर उचलला गेला आणि मग परत बसला. मी दाजींना म्हटलं की आपल्याकडे भंडारदऱ्यातून आवर्तन सोडायचं तर महिनाभर मीटिंगा चालतात.

आता कापलेल्या स्टारविषयी. टूरवाल्यांच्या वेबसाइटवर पहिलाच फोटो अशाच एका निळ्याशार तळ्याचा आहे, काठावर लाल जॅकेटवाली बाई उभी. खाली टूर बुक करायचं बटण. साहजिकच माणसाला वाटतं की तळं बघायला मिळणार. पॉइंट ६६० वरून तळं दिसत नाही, मुलँही दिसत नाही, ती सगळी बर्फावर आत बऱ्याच किलोमीटरवर, त्यासाठी हेलिकॉप्टर नाहीतर बर्फावर मुक्कामाची वेगळी ट्रिप लागते आणि तिचे पैसे ऐकून आपण गप्प बसतो. परत आल्यावर काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं की फोटो प्रातिनिधिक आहे. प्रातिनिधिक! आमच्याकडे असं बोअरचं पाणी प्रातिनिधिक दाखवलं असतं तर लोकांनी गाडी जाळली असती. आणि बर्फावर वेळ म्हणाल तर तासभर, त्यातली वीस मिनिटं ग्रुप फोटो आणि ते प्राचीन बर्फाचा तुकडा घालून व्हिस्की देणं यात गेली. व्हिस्की बरी होती असं दाजींचं मत आहे. मुळात हा तासभर वेळ वाढवला आणि तो जेटचा स्टॉप काढून टाकला तर टूर पाच स्टारची होईल, पण ऐकतंय कोण.

तर गाईडला मी परतीच्या बसमध्ये आबांचा प्रश्न विचारला, गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, लागलं आहे पाणी. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्रीनलँडच्या आग्नेय भागात युटा विद्यापीठाच्या रिक फॉर्स्टर यांची टीम बर्फाचे नमुने काढायला बोअर मारत होती, हवा उणे पंधरा डिग्री, अजून वितळायचा हंगामही सुरू झाला नव्हता, आणि दहा मीटरवर ड्रिल वर काढलं तर त्यातून पाणी गळतंय. दुसरीकडे मारली, तिथे पंचवीस मीटरवर. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट! आमच्या शिवारात पाचशे फुटांवर नुसता फुफाटा उडतो.

हे कसं, तर तिथे बर्फवृष्टी अफाट होते. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी जुन्या दाणेदार बर्फात, ज्याला फर्न म्हणतात, झिरपतं आणि वरून हिवाळ्याचा कित्येक फूट नवा बर्फ पडतो, तो गोधडीसारखं काम करतो, थंडी खाली पोचूच देत नाही. मग पाणी गोठत नाही, दाण्यांच्या मधल्या पोकळ्यांत साठून राहतं, वर्षानुवर्षं. पुढे रडारने मोजलं तर असा भाग निघाला ७०,००० चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि पाण्याचा अंदाज १४० अब्ज टन. टीएमसीत काढलं तर ४९०० च्या वर जातं, कोयना १०५ टीएमसीची, तर साधारण सत्तेचाळीस कोयना, वरून बघितलं तर पांढरं पठार, काही पत्ता नाही. आणि हे पाणी जागेवर बसलेलं नाही, उताराने सरकत जातं आणि कडेच्या भेगांमध्ये शिरून तळाला उतरतं.

संध्याकाळी आबांना फोन केला, म्हटलं आबा मी चुकलो, लागतंय पाणी, तेहतीस फुटांवर. तिकडे शांतता. मग म्हणाले, "अन् प्यायला तिथं माणूस न्हाई."

परतताना ड्रायव्हरने गावातल्या पुलावर थांबवलं, आणि हा स्टॉप वेबसाइटवर लिहिलेलाच नाही, खरं तर टूरमधला सगळ्यात भारी हाच. वॉटसन नदीचा पूल, खाली ती राखाडी नदी कातळाच्या फटीतून नुसती फुसांडत असते. २०१२ च्या जुलैत अशी उष्णता आली की सॅटेलाइटनुसार ग्रीनलँडच्या बर्फाचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग, अगदी ९७-९८ टक्के, वितळायला लागला, आणि इथे नदीला पूर येऊन पुलाचा काही भाग गेला. सेकंदाला ३००० घनमीटरच्या वर पाणी होतं, क्युसेकमध्ये लाखभर, गोदावरीला पूर आल्यावर आपण टीव्हीवर आकडे ऐकतो त्या हिशोबाचं. आणि हे पावसाशिवाय, स्वच्छ उन्हात.

मला वाटलं ऊन जास्त म्हणून पाणी जास्त, साधा हिशोब. गाईड म्हणाली अर्धंच बरोबर. उंचावरच्या भागात वर्षानुवर्षं काय व्हायचं तर वितळलेलं पाणी फर्नमध्ये मुरायचं आणि आत परत गोठायचं, म्हणजे पाणी अडवा पाणी जिरवा निसर्गच करत होता, समुद्रापर्यंत काही पोचायचं नाही. पण लागोपाठ गरम उन्हाळे आले आणि ते गोठलेलं पाणी आत साचत साचत त्याचे सलग थर झाले, काही ठिकाणी एक मीटर, काही ठिकाणी दहा-पंधरा मीटर जाडीचे. आता त्याच्यातून पाणी खाली जातच नाही. मी म्हटलं शेततळ्यात कागद अंथरला की, तर दाजींनी ते भाषांतर करून सांगितलं आणि तिने वहीत लिहून घेतलं! म्हणजे खाली जागा आहे, पोकळी आहे, पण तोंडावर झाकण, मग पाणी वरच्या वर वाहून ओढ्याला. २०१९ साली छापून आलेल्या अभ्यासात आहे की या थरांमुळे पाणी वाहून जाणारा प्रदेश २००१ नंतर २६ टक्क्यांनी वाढला. आमच्या गावात ओढ्याकाठचं रान पडीक होतं तेव्हा पाऊस मुरायचा, आता सगळीकडे काँक्रीट झालंय आणि त्याच पावसात बाजारपेठेत गुडघाभर पाणी, तिथेही तेच आणि मला याचंच जास्त वाईट वाटलं.

अजून एक गैरसमज तिने दूर केला, की तळाला पाणी गेलं की बर्फ घसरून समुद्रात जाणार असं सरळ नसतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी तळाशी पसरतं, दाब वाढतो, बर्फ जोरात सरकतो हे खरं, पण पुढे त्याच पाण्याने तळाशी मोठे बोगदे तयार होतात, गटाराची लाइन मोठी केल्यावर तुंबलेलं पाणी निघून जावं तसा दाब उतरतो आणि बर्फ परत मंदावतो. इथून आत जाणाऱ्या एका रेषेवर उत्रेख्तचे डच संशोधक १९९० पासून बर्फाचं मोजमाप करतात, तिथून हे बऱ्यापैकी समजलं. दाजींचा पुढचा प्रश्न अंटार्क्टिकाचा, आपलं मैत्री स्टेशन आहे तिथेही असंच का, तर तिथे बर्फावरचं वितळणं एकूण कमी पण समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाला हीच पाचर लागते, २००२ मध्ये लार्सन बी नावाचा ३००० चौरस किलोमीटरच्या वरचा तुकडा महिन्याभरात भुगा झाला, वर तळी साचली होती. मैत्रीचं पिण्याचं पाणी मात्र शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून येतं, गोड्या पाण्याचं, हे मलाही माहीत होतं कारण कॉलेजचा एक मित्र गोव्याला वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत तिथे एक हिवाळा काढून आलाय.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर नूकचा नवीन विमानतळ सुरू झाला आणि कोपनहेगनची मोठी विमानं तिकडे वळली, त्यामुळे आम्ही गेलो तसं थेट आता जमणार नाही, नूकला उतरून छोट्या विमानाने यावं लागतं, धुक्याने फ्लाइट रद्द होतात, एक दिवस जास्तीचा ठेवा. जुलैत गेलात तर डोक्यावरून घ्यायची मच्छरांची जाळी न्याच, बर्फाच्या देशात मच्छर कसले म्हणून मी दाजींना हसलो होतो, दुसऱ्या दिवशी माझा डावा डोळा उघडत नव्हता. ओडोमॉसचा उपयोग शून्य. बूट घोट्याच्या वरचे आणि वॉटरप्रूफ, ओहोळ उथळ दिसतो तसा नसतो, बायकोचा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि परत येईपर्यंत तिने माझ्याशी बोलणं बंद केलेलं. गॉगल हवाच. बुक करताना गाईड हिमनद्यांचं शिकलेला किंवा शिकलेली मिळेल का एवढं ईमेलवर आधी विचारा, आमच्या दुसऱ्या बसमधल्या गाईडने सगळा वेळ मस्क ऑक्स शोधण्यात घालवला असं हॉटेलवर कळलं, आणि त्यांना तो दिसलाही नाही. बसमध्ये उजवीकडची खिडकी पकडा, जाताना नदी त्या बाजूला जास्त दिसते, आणि ड्रायव्हरला पुलावर थांबायला स्वतःहून सांगा, तो नाही म्हणत नाही.